मार्चअखेरचं तेल

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे, आणि माझा एका माणसावर राग आहे. मित्रांनो, तुमच्या निबंधाच्या वहीतले तुटके फळे आणि फाटक्या छत्र्या आपली कहाणी सांगतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मला ते जमणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको.

माझा जन्म राजकोटच्या एका कारखान्यात झाला. पाच अश्वशक्ती, एक सिलिंडर, बाजूला जड चाक, आणि चालू करायला लोखंडी हँडल. केळव्याच्या आत्मारामभाऊंनी मला टेम्पोतून आपल्या वाडीत आणलं, तेव्हा आनंदीवहिनींनी मला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. वाडीत माड होते, पोफळी होत्या आणि पोफळींच्या सावलीत पानवेल होती. ही पानवेल म्हणजे मोठी नाजूक बाई. रोज पाणी मिळालं नाही तर लगेच तोंड पाडणार. वाडीत वीज होती, पण ऐन दुपारी तिचा दाब इतका कमी यायचा की मोटर नुसती गुरगुरायची. म्हणून विहिरीचं पाणी मी उपसायचं.

बावीस वर्षं मी ते काम केलं. मुंबईहून समुद्र बघायला आलेले पाहुणे वाडीत डोकावले की आत्मारामभाऊ माझ्या टाकीवर हात ठेवून सांगायचे, "ह्यो आमचा थोरला. कमावता हाय, पन बडबड लय करतो." पाहुणे हसायचे आणि मी आणखी जोरात डुगडुगायचो. कौतुक कोणाला नको असतं?

मग एके दिवशी अर्चनाताई वाडीत आली. तिचे वडील तारापूरच्या एका कारखान्यात कामाला होते. साताऱ्याकडचं कुटुंब, पण कारखान्याजवळच्या सालवड गावातच बिऱ्हाड थाटलेलं. पालघरजवळच्या एका संशोधन केंद्रात तिला तात्पुरती नोकरी लागली होती. सरकारने त्या केंद्राला पैसे दिले होते, कशासाठी, तर शेताच्या बांधावर उगवणाऱ्या झाडांपासून इंजिनाचं इंधन करता येतं का ते शोधायला. मित्रांनो, सरकारचा पैसा म्हणजे तुमच्या-आमच्या घरचाच पैसा. आनंदीवहिनी साबणाची वडी घेतात, त्यातलेही चार पैसे तिकडे जातात. हे लक्षात ठेवा, कारण माझा राग इथूनच सुरू होतो.

अर्चनाताईने झाड निवडलं करंजाचं. करंज बांधावर होतो, खाडीच्या कडेला होतो, त्याला पाणी घालावं लागत नाही आणि गुरं त्याला तोंड लावत नाहीत. बेटेगावच्या गोजराबाई वर्षानुवर्षं करंजाच्या शेंगा गोळा करायच्या, फोडायच्या आणि घाण्यावरून तेल काढून आणायच्या. खरजेवर लावायला लोक ते मागून न्यायचे. कोणतं झाड किती देतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. अर्चनाताई त्यांच्याकडून तेल घ्यायची, त्यात औषधं घालून ढवळायची, खाली बसलेला चिकट थर काढून टाकायची. मग कोमट पाण्याने तेल तीनदा धुवायची आणि तापवून त्यातलं पाणी उडवायची. शेवटी एका बाटलीत थोडं तेल, थोडं साधं पाणी घालून खळखळून हलवायची. पाणी दुधासारखं झालं तर तेलात साबण उरला. पाणी स्वच्छ राहिलं तर तेल तयार.

"काका, तुमच्या इंजिनाला हे पाजू का?" तिने आत्मारामभाऊंना विचारलं.

"पाज गे बाय. पन पोरगं आजारी पडलं तं तूच बसशील उशाशी."

पहिल्या उन्हाळ्यात मी त्या तेलावर एकशे दहा तास चाललो. एकदाही खोकलो नाही. धूर कमी झाला आणि माझ्या नळीतून कढईत तेल तापल्यासारखा, जरासा कडवट वास येऊ लागला. गोजराबाई मुद्दाम केळव्याला आल्या, माझ्या मागे उभं राहून त्यांनी नाक वर केलं आणि म्हणाल्या, "माज्या हातचं हाय. चूल लावल्यावानी वास सुटलाय." अर्चनाताईने तास न् तास वहीत टिपले. त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

आता तो माणूस येतो.

डॉक्टर प्रफुल्ल हे त्या केंद्राचे प्रमुख. सगळे त्यांना सर म्हणायचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. पहिल्या उन्हाळ्याचा अहवाल त्यांच्या नावाने गेला, तेवढं मी सोडून दिलं असतं. दुसऱ्या वर्षाचा पैसा मात्र मंजूर होऊन केंद्रात पोचेपर्यंत फेब्रुवारी उजाडला, आणि तो एकतीस मार्चच्या आत खर्च झाला नाही तर परत जाणार होता. पैसा खर्च दाखवायचा तर प्रयोग झालेला दाखवायला हवा, आणि प्रयोगाला तेल हवं. सर गाडी घेऊन थेट बेटेगावला गेले. अर्चनाताई बरोबर होती. पुढे तिने जे सांगितलं, ते मी वाडीत उभ्याउभ्या ऐकलं.

"शेंगा अजून कच्च्या हायत, सायेब," गोजराबाई म्हणाल्या. "हनुमान जयंती झाल्याबिगर आमी करंजाला काठी लावीत नाय. माज्या सासूनं लावली नाय, मी नाय लावनार."

"शासनाचं वर्ष मार्चला संपतं, बाई."

"संपू दे. झाडाचं नाय संपत."

"मग झाडाला तसं कळवा," सर म्हणाले आणि हसले. गोजराबाईंनी काठी लावली नाही, तेव्हा त्यांनी दुसरी माणसं लावून बेटेगावचे सगळे करंज झोडून काढले. हिरव्या शेंगा, आत ओलसर बी. त्याचं तेल निघालं पातळ आणि गढूळ. ते एकोणतीस मार्चला तयार झालं. अर्चनाताई म्हणाली, "सर, हे अजून धुतलेलंच नाही. बाटलीत पाणी दूध झालंय." सरांनी घड्याळ पाहिलं. "धुवायला चार दिवस जातील. आपल्याकडे दोन आहेत. ओता."

अर्चनाताईने ते माझ्या टाकीत ओतलं. तिच्यावर माझा राग नाही. नोकरी तात्पुरती असली की माणसाला नाही म्हणता येत नाही.

मित्रांनो, तुम्हाला कधी कोणी साबण खायला घातला आहे? मी दोन दिवस ते तेल प्यालो. आत तेल उडवणाऱ्या माझ्या फवाऱ्याच्या तोंडाशी डिंक बसला. पिस्टनच्या कड्या चिकटल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पानवेलीच्या पाण्याची वेळ झालेली असताना, मी काळा धूर ओकला आणि बंद पडलो. आत्मारामभाऊ हँडल मारून मारून दमले. "ऊठ रं, थोरल्या, ऊठ," म्हणत त्यांनी माझ्या अंगावरून ओलं फडकं फिरवलं. मला उठता आलं नाही. केंद्राची माणसं आली, "तपासायला नेतो, आठ दिवसांत आणून देतो" म्हणाली आणि मला घेऊन गेली. भाड्याचं इंजिन मिळेपर्यंत पंधरा दिवस गेले. तोवर आत्मारामभाऊंची सगळी पानवेल सुकली. त्यांच्या आजोबांच्या हातच्या वेलीचं बेणं होतं ते.

आणि सरांनी अहवालात काय लिहिलं? "प्रयोगासाठी वापरलेले शेतकऱ्याचे इंजिन जुनाट व सदोष असल्याने करंज इंधनाचे निष्कर्ष समाधानकारक आले नाहीत."

सदोष! बावीस वर्षं मी बिनतक्रार राबलो आणि सदोष ठरलो मी! त्या एका ओळीने करंजाचं संशोधन बंद झालं. अर्चनाताईची नोकरी गेली. मला केंद्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं आणि माझ्या समोर एक पत्र्याची पाटी ठोकली. "निकामी इंजिन. प्रमुख संशोधक : डॉ. प्रफुल्ल." खाली त्यांची झोकदार सही रंगवलेली. शाळेच्या सहली आल्या की सर मुलांना माझ्यापुढे उभं करून सांगायचे, "बघा, आपले शेतकरी अशी जुनाट इंजिनं वापरतात. मग विज्ञान पुढे जाईल कसं?" मुलं माझ्याकडे बघून हसायची. कदाचित त्यांत तुमच्यापैकीही कोणी असेल.

तेव्हाच मी ठरवलं, की सूड घ्यायचा.

कसा, तेही ठरवलं. माझ्या डोक्यावर एक छोटी कळ असते. ती उचलून धरली की हँडल हलकं फिरतं. चाकाने वेग घेतला की कळ खाली टाकायची आणि मी पेट घेतो. पण वेग येण्याआधी कळ टाकली तर हँडल उलटं फिरून मारणाऱ्याच्या हातावर बसतं. मनगट मोडतं. खेडोपाडी अशी किती मनगटं मोडली असतील. सात वर्षं मी शेडमध्ये उभा राहून सरांच्या उजव्या मनगटाकडे बघत होतो. एकदा, फक्त एकदा त्या माणसाने माझं हँडल हातात घ्यावं, एवढीच माझी इच्छा होती.

एरवी सात वर्षांत मी गंजून घट्ट झालो असतो. पण केंद्रावर बन्सीकाका राखणदार म्हणून आले. ते आधी तारापूरच्या कारखान्यात पंपांवर होते. तिथे एक पंप चालू असतो आणि एक राखीव बंद असतो, आणि बंद पंपाला रोज हाताने पाव फेरा द्यायचा असा नियम असतो, नाहीतर गरजेच्या वेळी तो हलत नाही. निवृत्त झाले तरी बन्सीकाकांच्या हाताची ती सवय गेली नाही. सकाळी आले की डबा खुंटीला अडकवायचे आणि मला पाव फेरा द्यायचे. "बसून राहिलं की माणूसबी धरतं, तू तर लोखंड," असं म्हणायचे. पुढे त्यांनी माझा फवारा खोलून बोईसरच्या एका गॅरेजात नेला. तिथल्या मिस्त्रीने त्याच्याकडे बघून म्हटलं, "चाचा, इसमें तो किसी ने साबुन पिलाया है." त्याने फवारा साफ करून दिला आणि बन्सीकाकांनी रॉकेल घालून माझ्या चिकटलेल्या कड्या मोकळ्या केल्या. बन्सीकाका सालवडला अर्चनाताईच्याच आळीत राहायचे. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं तिला सांगितलं.

अर्चनाताई आता बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. पण दर उन्हाळ्यात, हनुमान जयंतीनंतर, सुट्टीच्या दिवशी ती बेटेगावला गोजराबाईंच्या अंगणात जायची आणि दोघी मिळून एक कॅन तेल करायच्या. कशासाठी, हे कोणी विचारलं तर ती सांगत नसे. मला वाटतं, तिचाही कोणाशी तरी हिशेब राहिलेला होता.

यंदाच्या फेब्रुवारीत केंद्रावर समिती येणार असं कळलं. सरांना आता उंच वाढणाऱ्या गवतापासून इंधन करण्याच्या संशोधनासाठी मोठा निधी हवा होता. गवताशी माझं वैर नाही. पण करंज का सोडला, या प्रश्नाचं उत्तर म्हणून सर मलाच दाखवणार होते. शेडमध्ये मांडलेल्या खुर्च्या भरायला म्हणून जुने लाभार्थी शेतकरी बोलावले होते. त्यांत आत्मारामभाऊ आले आणि आपल्याबरोबर गोजराबाईंना घेऊन आले. सकाळी सगळे यायच्या आत अर्चनाताईने मागच्या उन्हाळ्याचा कॅन आणून दिला आणि बन्सीकाकांनी तो माझ्या टाकीत ओतला. सात वर्षांनी मला जेवायला मिळालं, तेही नीट धुतलेलं.

समितीच्या प्रमुख प्रियदर्शिनी मॅडम होत्या. बोलायच्या कमी, बघायच्या जास्त. सर त्यांना घेऊन शेडमध्ये आले आणि त्यांनी पाटीवर बोट ठेवलं. "मॅडम, करंज का फसला त्याचं हे कारण. जुनाट माल."

मागून आवाज आला, "माजं इंजिन हाय ते, सायेब."

आत्मारामभाऊ खुर्चीवरून उठले होते. "आठ दिसांत आनून देतो बोलले होते तुमी. सात वरसं झाली. ते जुनाट नाय. तुमच्या तेलानं त्याचा गळा धरला."

"काका, बसा तुम्ही," सर गोड आवाजात म्हणाले. "मॅडम, भावना समजू शकतो मी. पण इंजिन पार जाम आहे, फिरणारसुद्धा नाही."

"तपासलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"म्हणजे, बघूनच कळतं."

"मग फिरत नाही, हे दाखवा ना फिरवून."

सर हसले. त्यांची खात्री होती. त्यांनी बाही वर सारली आणि माझं हँडल हातात धरलं.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या लोखंडाला घाम फुटायचा बाकी होता. बन्सीकाका पुढे झाले आणि त्यांनी वरची कळ उचलून धरली. सरांनी रेटा दिला आणि हँडल सरकन फिरलं. सरांचा चेहरा उतरला.

"फिरतंय की," मॅडम म्हणाल्या. "थांबू नका. चालू होतं का बघा."

सगळे बघत होते, म्हणून सरांना फिरवावं लागलं. एक फेरा. दोन. तिसऱ्याला ते धापा टाकू लागले आणि हात मंदावला. नेमकं तेव्हाच बन्सीकाकांनी उतावीळपणाने कळ जरा लवकर टाकली.

हाच तो क्षण. सरांचं मनगट माझ्या ताब्यात होतं. वेग पुरेसा नव्हता, मी उलटा फटका मारला असता तर कोणी मला दोषही दिला नसता. आणि मग मला दिसलं, की सगळ्यांनी मला नेमका दोषच दिला असता. सरांचा हात गळ्यात बांधला गेला असता आणि अहवालात आणखी एक ओळ आली असती, की इंजिन जुनाट, सदोष आणि धोकादायक. सात वर्षं जपलेला फटका मी मारला असता, तर त्या माणसाचं म्हणणं मीच खरं केलं असतं.

फार जड गेलं. मी तो फटका गिळला, होता नव्हता तो जोर लावला आणि पेट घेतला.

डुग. डुग. डुगडुगडुगडुग.

पत्रे थडथडले. सर हँडल हातात घेऊन तसेच उभे राहिले. ज्या हाताने मला निकामी लिहिलं, त्याच हाताने मला चालू केलं होतं, आणि ते समितीने पाहिलं होतं. मनगट मोडून एवढं दुखलं नसतं. एक गोष्ट मात्र मी केली, लपवत नाही. सात वर्षांची काजळी होती नळीत. ती मी एका दमात त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ओकली.

गोजराबाईंनी नाक वर केलं. "करंज हाय! बेटेगावचा करंज हाय ह्यो!"

सकाळपासून शेडच्या दाराशी थांबलेली अर्चनाताई पुढे झाली आणि तिने त्याच तेलात पाणी घालून बाटली खळखळून दाखवली. पाणी स्वच्छ होतं. मी एक तास चाललो, आणि त्या तासात मॅडमनी तिची जुनी वही वाचून काढली. मग त्यांनी दोनच प्रश्न विचारले. गोजराबाईंना विचारलं, "शेंग कधी पिकते?" आणि सरांना विचारलं, "तेल कधी काढलं?"

"मॅडम, मार्चअखेर होतं," सरांचा आवाज बारीक झाला. "निधी परत गेला असता. पुढच्या वर्षी कोणी दिला नसता. केंद्र बंद पडलं असतं."

ते खरं बोलत होते. झाडाचं वर्ष आणि सरकारचं वर्ष जुळत नाही, हा एकट्या सरांचा गुन्हा नव्हता.

"मग तसं लिहायचं होतं," मॅडम म्हणाल्या. "इंजिनाला का दोष दिला?"

"इंजिन..." सर म्हणाले, "इंजिन काही बोलणार नव्हतं."

तेव्हा मी किती मोठ्याने बोलत होतो, ते बोईसरपर्यंत ऐकू गेलं असेल.

मॅडमनी सरांना तिथेच, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवून लिहायला लावलं. "इंजिन निर्दोष. तेल कच्च्या शेंगांचे व न धुतलेले होते." काजळीच्या बोटांचा ठसा त्या कागदावर उमटला. करंजाचं संशोधन पुन्हा सुरू करण्याचं पत्र सात महिन्यांनी आलं. त्यात पहिलं नाव अर्चनाताईचं आहे, आणि प्रयोगाचं वर्ष जून ते मे असं धरलं आहे. मी केळव्याला परत आलो. आनंदीवहिनींनी पुन्हा हळदकुंकू लावलं. आत्मारामभाऊंनी शेजारच्या वाडीतून बेणं आणून पानवेल लावली. आजोबांची ती वेल मात्र गेली, ती कोणत्याही कागदाने परत येत नाही.

म्हणून मी माफ केलेलं नाही. सर अजून केंद्रप्रमुखाच्याच खुर्चीत बसतात. येताना आत्मारामभाऊंनी ती पाटी उखडून आणली आणि ओशट तेल जमिनीवर सांडू नये म्हणून माझ्या खाली आडवी ठेवली. माझ्या पोटाशी एक बोल्ट आहे, तिथून थेंब गळतो. आत्मारामभाऊंनी चार वेळा वायसर बदलला. "ह्याला काय रोग झालाय?" म्हणून ते डोकं खाजवतात. थेंब बरोबर सरांच्या सहीवर पडतो. अर्धी सही गेली आहे. पुढच्या हनुमान जयंतीपर्यंत उरलेलीही जाईल.

मित्रांनो, यंत्रांना तेलपाणी करा, बंद यंत्राला रोज पाव फेरा द्या. आणि एखादं यंत्र किंवा एखादं माणूस बंद पडलं, तर त्याला नाव ठेवण्याआधी त्याच्या पोटात कोणी काय घातलं, ते विचारा. तुम्ही विचारलं नाहीत, तरी हरकत नाही. आम्ही बोलत नसलो, तरी विसरत नाही.